पूर्वद्वारीचे भूत

कुंभकोणमहून आठ-नऊ किलोमीटरांवर तिरुविडैमरुदूर नावाचे गाव आहे. तेथील महालिंगस्वामीच्या देवळात पूर्वेच्या गोपुराने आत गेलेला मनुष्य त्या वाटेने परत येत नाही. कथा अशी सांगतात की वरगुण पांड्य राजाच्या घोड्याच्या टापांखाली रात्रीच्या अंधारात एक ब्राह्मण चिरडला गेला. राजाने जाणूनबुजून काही केले नव्हते. तरीही त्या ब्राह्मणाचे भूत आणि ब्रह्महत्येचे पातक ही दोन्ही त्याच्या पाठीशी लागली. मदुरेच्या सोमसुंदराच्या आज्ञेवरून राजा या देवळात आला. भूत दारापाशी थबकले. राजाने दर्शन घेतले आणि तो पश्चिमेच्या दाराने निघून गेला. तेव्हापासून ते भूत पूर्वद्वारी राजाची वाट पाहत उभे आहे, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे.

दोन वर्षांपूर्वी बदली होऊन या भागात आलो तेव्हा कचेरीतील एका सहकाऱ्याने मला प्रथम तेथे नेले. दर्शन आटोपून मी सवयीने आल्या वाटेकडे वळलो, तोच त्याने माझा हात धरला. ‘‘सार, वंद वळिया पोगक्कूडादु!’’ आल्या वाटेने जायचे नसते. माझ्या चपला पूर्वेच्या दाराशी होत्या. दुसऱ्या दाराने बाहेर पडून, उन्हाने तापलेल्या रस्त्याने अनवाणी अर्धी प्रदक्षिणा घालून त्या आणाव्या लागल्या. त्या दिवशी मला त्या प्रकाराचे हसू आले होते. आज येत नाही. का, ते या लेखाच्या शेवटी सांगेन.

प्रस्तुत लेखाला कारण झाले ते एक साधे संभाषण. गेल्या दिवाळीत या जिल्ह्यात नोकरीनिमित्त असलेली आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबे एकत्र जमलो होतो. फराळ झाला, गाणे झाले, आणि बोलता बोलता विषय चित्रपटांवर गेला. महाविद्यालयात शिकणारी माझी मुलगी तमिळ मैत्रिणींबरोबर पाहिलेल्या भुताच्या चित्रपटांविषयी बोलू लागली. अश्विन सरवणन यांचा ‘माया’, मिश्किन यांचा ‘पिसासु’, अरिवळगन यांचा ‘ईरम’ अशी नावे तिने घेतली आणि सहज विचारले, ‘‘बाबा, आपल्याकडे असा कुणी दिग्दर्शक नाही का?’’ मी उत्तर देण्यापूर्वीच आमच्यातील एक ज्येष्ठ, सेवानिवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘‘बाळ, आपल्याकडे ज्ञानेश्वर आहेत, टिळक-आगरकर आहेत. भुतेखेते हा मराठी बुद्धीचा प्रांत नव्हे.’’ सर्वांनी माना डोलावल्या. मुलगी गप्प बसली.

त्या डोललेल्या मानांविरुद्ध हा लेख आहे. मी त्या ज्येष्ठांचा अनादर करीत नाही. ते बोलले ते आपल्या सर्वांच्या मनातले बोलले. पण ते उत्तर खोटे होते, आणि त्या खोटेपणाची किंमत आपली भाषा मोजत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे की असा दिग्दर्शक आपल्याकडे होता. आपण त्याला दुसऱ्याच्या घरी धाडला. विशाल फुरिया हे त्याचे नाव. २०१७ च्या जुलैमध्ये त्याचा ‘लपाछपी’ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. शहरात सावकारांचे देणे थकलेला एक तरुण आपल्या गर्भवती पत्नीला घेऊन एका खेड्यात आश्रयाला येतो. चहूबाजूंनी ऊस आणि मधोमध एकटे घर. घरधनीण तुळसाबाई मायेने सगळे करते. आणि त्या उसात, जेथे आत शिरलेल्याला बाहेर येण्याची वाट सापडत नाही, तेथे लहान मुले लपाछपी खेळतात. परंतु ती मुले जिवंतांच्या जगातली नाहीत. पूजा सावंत यांनी ती गर्भवती स्त्री आणि उषा नाईक यांनी ती तुळसाबाई उभी केली आहे. शेवट मी सांगणार नाही. एवढेच सांगतो की पहिला तासभर प्रेक्षक भुताला भितो, आणि मग त्याच्या ध्यानात येते की भ्यायला हवे होते ते माणसांना. पोटच्या मुलींना जगू न देणाऱ्या घराची ती कथा आहे.

आता या कथेतला ऊस आठवा आणि त्याच्या शेजारी काही आकडे ठेवून पाहा. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८९४ झाल्या. त्याच २०११ मध्ये बीड जिल्ह्यात हे प्रमाण ८०७ होते, राज्यात सर्वांत कमी. आणि बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. हा संबंध मी जोडतो आहे. चित्रपटात बीडचे नाव नाही. पण गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली ज्या राज्याने केला, त्याच राज्यात पुढल्या काळात मुलींचा आकडा असा खाली यावा, ही गोष्ट कोणत्या वास्तववादी चित्रपटाने आपल्याला झोपेतून उठवून सांगितली? अहवाल निघाले, परिसंवाद झाले, भिंतींवर घोषणा रंगल्या. आपण अधिकारी आहोत. अहवाल वाचून मनुष्य किती जागा होतो हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार? ‘लपाछपी’ पाहून मात्र मला दोन रात्री झोप आली नाही. भुताच्या चित्रपटाचे काम हेच असते, आणि ते त्याने चोख बजावले.

पुढे या दिग्दर्शकाचे काय झाले? २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने हीच कथा हिंदीत केली. चित्रपटाचे नाव ‘छोरी’. लगेच डिसेंबरमध्ये त्याचा ‘बळी’ हा मराठी भयपट आला. स्वप्निल जोशी यांच्यासारखा लोकप्रिय नट त्यात होता. दोन्ही चित्रपट अॅमेझॉन प्राइमवर, अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने. म्हणजे एकाच दिग्दर्शकाची एक हिंदी आणि एक मराठी कृती जवळजवळ एकाच वेळी, एकाच दुकानात मांडलेली होती. तेव्हा मी दुसऱ्या राज्यात होतो. तेथील माझ्या ओळखीच्या मराठी घरांपैकी निम्म्याहून अधिक घरांत ‘छोरी’ पाहिला गेला. ‘बळी’ पाहिलेले घर मला एकही भेटले नाही. ‘छोरी’ ही मुळात मराठी कथा आहे हे सांगितल्यावर पुष्कळांना आश्चर्य वाटले. २०२५ च्या एप्रिलमध्ये ‘छोरी’चा दुसरा भाग आला, ‘लपाछपी’चा आला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये काजोल यांना घेऊन केलेला ‘माँ’ हा त्याचा मोठ्या खर्चाचा हिंदी चित्रपट चित्रपटगृहांत लागला. मराठीत उगवलेली ही कारकीर्द आठ वर्षांत अशी हिंदीत स्थिरावली.

या दिग्दर्शकाला मी दोष देत नाही. पोटासाठी मुलूख सोडून आलेल्या आपण अधिकाऱ्यांनी तो देऊही नये. आपल्या बदलीचा हुकूम सरकार काढते. त्याच्या बदलीचा हुकूम आपण काढला, एवढाच फरक.

आणि हे एकाच मनुष्याच्या बाबतीत घडलेले नाही. कादंबरीकार अनिल बर्वे यांचे चिरंजीव राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ पाहा. नारायण धारपांच्या कथेवरून स्फुरलेला, कोकणातल्या पावसात भिजलेला, सासवडच्या वाड्यात चित्रित झालेला, चित्पावनी घरातल्या लोभाची चिरफाड करणारा हा चित्रपट. २०१२ मध्ये चित्रीकरण, नंतर पुन्हा चित्रीकरण, आणि २०१८ मध्ये प्रदर्शन. व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा प्रारंभ त्याने झाला. २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक चालला. त्यातील माती मराठी, पाऊस मराठी, पाप मराठी. भाषा तेवढी हिंदी. धारप २००८ साली निवर्तले. त्यांच्या आणि रत्नाकर मतकरींच्या गूढकथा मराठी वाचकांनी वाचनालयांतून जीर्ण होईपर्यंत वाचल्या. पण साहित्याची चर्चा निघाली की हाच वाचक ती नावे खालच्या आवाजात घेतो. जे आपण लपवून वाचतो त्यावर चित्रपट काढायला पैसा कोण लावील?

आता आक्षेपकांचा पूर्वपक्ष पाहू.

पहिला आक्षेप वजनदार आहे आणि तो मी आदराने घेतो. महाराष्ट्र ही सुधारकांची भूमी. अंधश्रद्धेविरुद्ध लढताना डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात प्राण दिले आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा राज्याने पडद्यावर भुते नाचवावीत काय? माझे उत्तर असे की भोंदूचे भूत आणि कथेचे भूत ही एकमेकांच्या विरुद्ध कामे करतात. भोंदू सांगतो, ‘तुझा काही दोष नाही, बाहेरची बाधा आहे, एवढे पैसे ठेव, उतरवून देतो.’ चांगली भयकथा सांगते, ‘बाधा बाहेरची नाही, ती तुझ्या घरात, तुझ्या हातून झाली आहे, आणि पैसे ठेवून ती उतरणार नाही.’ भोंदू मनुष्याला जबाबदारीतून सोडवतो. ‘लपाछपी’ त्याला धरून आणते. ज्याने कायद्याचा हेतू समजून घेतला आहे, त्याला ही दोन भुते ओळखणे कठीण जाऊ नये. भुताच्या नावाने खऱ्या बाईला झोडपणारा मांत्रिक आणि भुताच्या रूपाने मारलेल्या मुलीला बोलते करणारा दिग्दर्शक या दोघांना एका पारड्यात टाकणे हा विवेक नव्हे. तो विवेकाचा आळस आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. मराठीचा बाजार लहान, म्हणून दिग्दर्शक हिंदीत जातो. त्याला कोणी काय करावे? हे ऐकायला पटते. पण २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८.३ कोटी होते, तमिळ सुमारे ६.९ कोटी, आणि मल्याळम सुमारे ३.५ कोटी. त्या साडेतीन कोटींच्या भाषेत राहुल सदाशिवन हा दिग्दर्शक २०२२ मध्ये ‘भूतकालम’ करतो, २०२४ मध्ये मम्मुट्टींना घेऊन संबंध कृष्णधवल ‘भ्रमयुगम’ करतो, २०२५ मध्ये आणखी एक भयपट करतो, आणि त्याला भाषा बदलावी लागत नाही. अरिवळगन यांनी २००९ मध्ये ‘ईरम’ तमिळमध्ये केला आणि २०२५ मध्ये ‘सब्दम’ही तमिळमध्येच केला. मुंबईत हिंदीचा उंबरठा फार जवळ आहे, हे मी नाकारत नाही. चेन्नईच्या दिग्दर्शकाला तो मोह तितका नसतो. पण उंबरठा जवळ असला म्हणून घरातला मनुष्य रोज घर सोडत नाही. घरात त्याला कोणी विचारीत नसेल तर मात्र सोडतो.

तिसरा आक्षेप अभिरुचीचा: हे चित्रपट हलके असतात. बरेचसे असतात, कबूल. आपल्या या दिग्दर्शकाचेही सगळे चित्रपट मला सारखे वाटत नाहीत. ‘माँ’मध्ये कालीमाता आहे, रक्तबीज आहे, बंगालचे खेडे आहे, पडद्यावर यंत्रांनी घडवलेले विक्राळ जंगल आहे, आणि इतके सगळे असून ‘लपाछपी’तल्या उसाच्या पानांच्या सळसळीने जे साधले ते त्यात साधत नाही. बळी जाणारी मुलगी तेथेही आहे. पण ती पुराणात नेऊन बसवल्यामुळे प्रेक्षकाच्या अंगाला काही लागत नाही. राक्षस केला की मनुष्य सुटतो. मला वाटते, दिग्दर्शक आपली माती सोडून गेला की काय हरवते, त्याचा हा पुरावाच आहे. खर्च वाढला आणि भीती उणावली. तेव्हा हलकेपणाचा आक्षेप घेणाऱ्यांनी हेही पाहावे की जो चित्रपट सर्वांत कमी हलका होता, तो मराठी होता. आणि नेमके त्यालाच आपण पाठ दाखवली.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, ती तंजावरच्या शेजारी राहिल्याशिवाय माझ्या ध्यानात आली नसती. १९९३ मध्ये फाझिल यांनी मल्याळममध्ये ‘मणिचित्रताळ’ केला. त्यातील नागवल्ली ही तंजावरची नर्तकी. मल्याळम घरात शिरलेले ते भूत तमिळ बोलते. ही कथा पुढे कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ आणि तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ झाली. तेथे ती नर्तकी तेलुगू गाते. हिंदीत ‘भूलभुलैया’ झाला. तेथे ती बंगाली झाली. गंमत पाहा: ज्याने त्याने भूत शेजाऱ्याचे केले. आपल्या वाड्यात काही अमंगल असेल तर ते परभाषिक बाईने आणलेले असणार, अशी ही सोय आहे. ‘लपाछपी’ने ही सोय नाकारली. तिचे भूत मराठी बोलते, मारणारा मराठी बोलतो, आणि मायेने पाठीवरून हात फिरवणारी तुळसाबाईही मराठीच बोलते. पळायला वाट नाही. आणि याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती मराठी माणूस पाहतो तेव्हा काय होते? माझ्या एका स्नेह्यांचे उद्गार मी कानांनी ऐकले: ‘‘उत्तरेकडे फार वाईट प्रकार चालतात हो!’’ झाले. ८९४ आणि ८०७ हे आकडे विसरले गेले. भाषा बदलली आणि पाप शेजाऱ्याच्या नावावर चढले. भाषांतराने एवढी मोठी मुक्तता क्वचितच कोणाची केली असेल!

मराठी चित्रपटाने भुताला घरात घ्यायचे ते बहुधा दोन अटींवर. एक तर शेवटी ते भूत म्हणजे इस्टेटीवर डोळा ठेवणाऱ्या कोणा काकाचे सोंग निघावे. नाही तर त्याने हसवावे. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’मधील तात्या विंचू हा बाहुला आपल्या सर्वांच्या घरात लाडका झाला, आणि मलाही तो आवडतो. पण सोंग निघालेले भूत आणि हसवणारे भूत यांना एक गोष्ट जमत नाही: ती आपल्याला जाब विचारू शकत नाहीत. जाब विचारणारे भूत आले, तेव्हा आपण म्हणालो, हा मराठी बुद्धीचा प्रांत नव्हे.

आपला माल आपल्याला न ओळखण्याची ही खोड जुनी आहे. १६८४ ते १७१२ या काळात तंजावरला राज्य करणाऱ्या शहाजीराजांनी मराठीत नाटके लिहिली. पण मराठी रंगभूमीचा प्रारंभ सांगताना आपण बोट ठेवतो ते १८४३ च्या सांगलीवर. वेशीबाहेर घडले ते मोजायचे नाही, असा जणू नियमच आहे. याच कुंभकोणमला १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले. परमुलखात मराठी घराण्याने काय करून दाखवले याचे हे मोठे उदाहरण. पण ते तीनशे-दोनशे वर्षांचे जुने अभिमान सांगून माझ्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही. तिला आजचा मराठी दिग्दर्शक हवा आहे.

आणि हा प्रश्न आपल्याच घरांत अधिक टोचणारा आहे. पुण्या-साताऱ्यात वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर मराठी रस्त्यातून पडते. आपली मुले दर तीन वर्षांनी शाळा आणि भाषा बदलतात; त्यांच्यापर्यंत मराठी पोहोचते ती आपण निवडून दिलेली. आपण निवडतो काय? शिवचरित्र, संतवाङ्मय, नाट्यगीते. सगळे उत्तम, सगळे पवित्र. पण मनुष्य ज्या भाषेत घाबरतो तीच त्याची खरी मातृभाषा असते. माझी आजी अवसेच्या रात्री विहिरीकाठच्या हडळीची गोष्ट सांगे. ती मला अजून जशीच्या तशी आठवते, आणि त्या गोष्टीतले कितीतरी शब्द मी दुसरीकडे कोठेही ऐकले नाहीत. माझी मुलगी तमिळमध्ये घाबरते आणि हिंदीत घाबरते. मराठीत तिला आपण फक्त नमस्कार करायला शिकवले.

म्हणून मी त्या रात्री घरी आल्यावर तिला ‘लपाछपी’ दाखवला. चित्रपट संपल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, ‘‘बाबा, आपल्या गावात पण उसाचे मळे आहेत ना?’’ मी हो म्हटले. ‘‘आणि आजोबांच्या वेळी किती मुली होत्या घरात?’’ मी मोजू लागलो, आणि मोजता मोजता थांबलो. जे मला पन्नास वर्षांत कधी विचारावेसे वाटले नाही, ते एका भुताच्या चित्रपटाने माझ्या मुलीला एका रात्रीत विचारायला लावले. त्या ज्येष्ठ गृहस्थांना माझे एवढेच सांगणे आहे: मराठी बुद्धीचा प्रांत याहून वेगळा कोणता?

परवा पुन्हा तिरुविडैमरुदूरला गेलो होतो. आत पूर्वेने गेलो, रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दाराने बाहेर पडलो, आणि चपलांसाठी रस्त्याने फिरून पूर्वद्वारी आलो. तेव्हा प्रथमच ध्यानात आले की राजा सुटला तो चपला न घेता गेला म्हणून. आपल्याला तसे जाता येत नाही. आपले काही ना काही त्या दाराशी राहिलेलेच असते, आणि ते घ्यायला गेले की भूत समोर उभे असते. ते आपल्याच भाषेत बोलते. त्याचे बोलणे ऐकून घेईल असा कोणी आपल्यातला दिग्दर्शक निघाला, तर निदान त्याला दुसऱ्या दाराने बाहेर घालवू नये.